मांडे, दोन पानांत: मुलांच्या इतिहास-पाककृती पुस्तकातील एका जोडपानाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातील एका प्रकाशन संस्थेने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी एक सचित्र पुस्तक हाती घेतले. महाराष्ट्र आणि लगतच्या प्रदेशाचा इतिहास पदार्थांच्या आधारे सांगायचा, प्रत्येक पदार्थाला समोरासमोरची दोन पाने द्यायची आणि मुलांना तो पदार्थ घरी करता आला पाहिजे, अशी त्यामागची कल्पना होती. मराठी आवृत्तीपाठोपाठ कन्नड आवृत्तीही निघणार होती. या अहवालात त्यातील एकाच जोडपानाची हकिगत आहे. संस्था, चित्रकार आणि चाचणीत भाग घेतलेली कुटुंबे यांची नावे दिलेली नाहीत व ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पदार्थ होता मांडे, म्हणजे गव्हाची हातांवर पसरून भाजलेली मोठी, पातळ पोळी. निवडीचे पहिले कारण म्हणजे त्याला भक्कम लेखी आधार आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे आणि त्यात ‘मंडक’ करण्याची रीत पायरीपायरीने सांगितली आहे. गहू धुऊन उन्हात वाळवायचे, जात्यावर दळायचे, पीठ चाळून घ्यायचे, त्यात थोडे तूप आणि मीठ घालून दूध-पाण्यात भिजवायचे, मोठ्या लाकडी पात्रात हातांनी आपटून मळायचे, गोळे करून त्यांना तांदळाची पिठी लावायची, हातांवरच फिरवत पसरायचे आणि तापलेल्या खापरावर, म्हणजे मातीच्या भांड्यावर, टाकायचे. झालेला मांडा पांढऱ्या वस्त्रासारखा दिसतो, असेही ग्रंथकार सांगतो. खान्देशात आजही आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरची पुरणपोळी करणाऱ्या बाईला ही रीत वाचून दाखवली, तर तिला त्यात नवल वाटण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. जवळजवळ नऊशे वर्षे टिकून राहिलेली कृती मुलांसमोर ठेवता येणे ही संधी संपादकांना सोडायची नव्हती.

दुसरे कारण गोष्टीचे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले, मुक्ताबाई खापर आणायला निघाली, विसोबा चाटीने कुंभारांना खापर देऊ नका म्हणून बजावले आणि मग ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून तिच्यावर मांडे भाजू दिले, ही आख्यायिका मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. सगळी गोष्ट एका खापरासाठी अडते, आणि आजच्या शहरी मुलाने खापर पाहिलेले नसते. पाककृतीच्या पुस्तकाला याहून चांगले निमित्त कुठून मिळणार?

निवडीच्या वेळी याच ग्रंथातील ‘इडरिका’ हा उडदाचा पदार्थही चर्चेत होता. तो तुपात तळायचा असल्याने मुलांच्या दृष्टीने लगेच बाद झाला. मांडे तळायचे नसतात म्हणून ते सुरक्षित ठरतील, असे तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरले.

अडचण

चित्रकाराने कच्चे चित्र पाठवले ते देखणे होते. दोन्ही पानांवर पसरलेले एकच मोठे स्वयंपाकघर, मध्यभागी चूल, चुलीवर पालथे खापर, त्यावर मांडा टाकणारी मुक्ताबाई, भिंतीवर लाल मिरच्यांची माळ, दारावर झेंडूचे तोरण, कोपऱ्यात मक्याची कणसे आणि चित्रातच इकडेतिकडे विखुरलेल्या सात पायऱ्या.

मिरची, मका आणि झेंडू ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली. पोर्तुगीजांचे जहाज 1498 मध्ये कालिकतला लागले आणि त्यानंतरच्या काळात या वस्तू आपल्याकडे रुळल्या. ज्ञानेश्वरीचा काळ शके 1212, म्हणजे 1290. मिरची आणि मका संपादकांच्या नजरेला लगेच खटकले. झेंडूकडे मात्र बराच काळ कोणाचेच लक्ष गेले नाही, कारण सणाच्या दाराला झेंडू नसतो ही कल्पनाच आपल्याला करवत नाही. अशा चुका दुरुस्त करणे सोपे असते. मिरच्यांच्या जागी शिंके आले, तोरण आंब्याच्या पानांचे झाले आणि कणसे गेली.

खरी अडचण वेगळी होती आणि ती दुरुस्त चित्र समोर आल्यावर दिसू लागली. या जोडपानावर तीन प्रकारची विधाने एकाच सुरात, एकाच रंगसंगतीत आणि एकाच चौकटीत बसवली होती. बाराव्या शतकातल्या ग्रंथाचा आधार असलेली कृती हे एक विधान, आख्यायिका हे दुसरे, आणि ‘तू हे असे कर’ ही वाचकाला दिलेली सूचना हे तिसरे. मोठ्या वाचकाला मजकुरातून हा फरक कळतो. मूल मात्र चित्र वाचते, आणि चित्रात ‘कदाचित’, ‘असे म्हणतात’ किंवा ‘पूर्वी’ हे शब्द नसतात. शिवाय मुलांना स्वयंपाक शिकवणाऱ्या पुस्तकात तापलेल्या पाठीवर भाजलेला मांडा, पायऱ्यांच्या ओळीत, क्रमांकासह छापणे किती शहाणपणाचे आहे, हा प्रश्न संपादक मंडळातील एका शिक्षिकेने विचारला, तेव्हा बैठकीत कोणाकडेच तयार उत्तर नव्हते.

त्यात मूळ पदार्थच कठीण. पालथ्या तापलेल्या खापरावर दोन्ही हातांवर तोललेला पातळ मांडा टाकणे हे दहा वर्षांच्या मुलाचे काम नव्हे. बऱ्याच मोठ्या माणसांचेही नव्हे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय चित्रकाराचा होता: एकसंध मोठे चित्र ठेवायचे आणि पायऱ्या त्यातच गुंफायच्या. पुस्तक दुकानात उघडले की हे पान लक्ष वेधून घेणार, यात शंका नव्हती. परंतु गोल खापर नेमके शिलाईच्या खोबणीत जात होते आणि पदार्थाचा सर्वांत महत्त्वाचा भागच तेथे दडपला जात होता. पाककृतीचे पुस्तक ओट्यावर सपाट उघडे राहावे लागते. ते नुसते गमने चिकटवले तर उघडे राहत नाही आणि जोर लावला तर पाने सुटतात. त्यामुळे फॉर्म, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून बांधणी करण्याचे आधीच ठरले होते. तशा बांधणीतही मधली काही मिलिमीटर जागा वाचकाला नीट दिसत नाहीच.

दुसरा पर्याय चित्रकथेचा. चौकटींमधून मुक्ताबाईची गोष्ट सांगायची आणि शेवटच्या चौकटीत कृती द्यायची. मुलांना तो आवडला असता. मात्र त्यात आख्यायिकेला सगळी जागा मिळून ‘मानसोल्लासा’चा आधार तळटिपेत गेला असता, आणि इतिहासाच्या पुस्तकाने पुरावा तळटिपेत ठेवून चमत्कार चित्रात रंगवावा हे संपादकांना पटेना.

तिसरा पर्याय म्हणजे डावे पान तेव्हाचे आणि उजवे पान आत्ताचे. मांडणीच्या दृष्टीने हा सर्वांत निरस, शालेय पाठ्यपुस्तकाची आठवण करून देणारा मार्ग होता आणि चित्रकाराने तसे स्पष्टपणे सांगितले. त्यांचा आक्षेप रास्त होता, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ अशी रेघ ओढली की मुलाला भूतकाळ म्हणजे संपलेली गोष्ट वाटते. येथे तर पदार्थाचे सगळे महत्त्व तो संपला नाही यातच होते.

पदार्थच बदलावा, असाही विचार झाला. तो फार काळ टिकला नाही, कारण या पुस्तकातील कोणताही जुना पदार्थ घेतला तरी विस्तव, धारदार हत्यार किंवा दिवसभराची खटपट यांपैकी काहीतरी आडवे येतच होते.

निर्णय आणि कृती

तिसरा पर्याय स्वीकारला गेला, पण दोन्ही पानांना जोडणारा एक धागा शोधायचा, या अटीवर. तो धागा एका प्रदर्शनातील खान्देशी खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर सापडला. जळगाव जिल्ह्यातील एक मावशी तेथे खापरावरची पोळी करत होत्या. चित्रकार त्यांच्या बाजूला वही घेऊन बसले आणि पहिल्या पाच मिनिटांतच कच्च्या चित्रातली एक मोठी गफलत उघड झाली. चित्रातील मुक्ताबाई मांडा बोटांच्या टोकांवर धरत होती. मावशी बोटे आत वळवून पोळी मनगटांवर आणि हातांच्या पाठीवर झेलत होत्या, एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकताना ती स्वतःच्या वजनाने वाढत होती आणि शेवटी तिची कड जवळजवळ कोपरापर्यंत पोचत होती. बांगड्या वर सारलेल्या. ‘बोटं लावली की नख लागतं आन् भोक पडतं,’ एवढेच त्या म्हणाल्या. ग्रंथात ‘हात फिरवत पसरावे’ असे जे आहे, त्याचा अर्थ डोळ्यांसमोर घडत होता.

त्यानंतर चित्रकारांनी स्वतःहून सुचवले की स्वयंपाकघर काढून टाकावे आणि दोन्ही पानांवर फक्त हात दाखवावेत. डाव्या पानावर मोठ्या बाईचे हात, कोपरापर्यंत, त्यावर पसरलेला मांडा. उजव्या पानावर मुलाचे हात, छोटी लाटी घेऊन. या एका सूचनेने अनेक गोष्टी मार्गी लागल्या. तेराव्या शतकातील घरगुती बाईचा पोशाख कसा काढायचा हा वाद मिटला. संदर्भ म्हणून आमच्याकडे त्या काळच्या मंदिरांवरील शिल्पे होती, आणि अलंकारांनी मढलेल्या सुरसुंदरी (मंदिरांवर कोरलेल्या अप्सरा) पाहून चुलीपुढच्या बाईचा वेश ठरवणे कोणालाच मान्य नव्हते. भांड्यांतही निवड करता आली. श्लोकातल्या मोठ्या लाकडी पात्रासाठी काथवट दाखवली, जी काही जुन्या घरांत अजून असते, आणि तिच्या बाजूला जाते. खापराबद्दल ग्रंथात ते तापलेले असावे एवढेच येते. चित्रात ते आजच्या खान्देशी पद्धतीप्रमाणे पालथे ठेवले आणि चित्राखालच्या ओळीत तसे लिहिले. चित्र कोणत्या आधारावर काढले आहे हे मुलांना सांगायला फार शब्द लागत नाहीत. ‘हे आम्ही आजच्या खापरावरून काढले आहे’ हे वाक्य आठ वर्षांच्या मुलालाही समजते.

मुक्ताबाईची गोष्ट डाव्या पानाच्या खालच्या पट्टीत गेली. तिला वेगळी, एकाच रंगातली रेखाटनशैली दिली आणि सुरुवात ‘अशी गोष्ट सांगतात की’ या शब्दांनी केली. पाठीवर मांडे भाजण्याचा प्रसंग चित्रात घेतला नाही. त्याऐवजी कुंभाराच्या दारात रिकाम्या हातांनी उभी असलेली मुक्ताबाई काढली. यावर मतभेद झाले. एका संपादकांचे म्हणणे असे होते की गोष्टीचा गाभाच गाळला. माझ्या मते गोष्ट मजकुरात पूर्ण आहे आणि खापर न मिळणे हाच या पानाशी जुळणारा प्रसंग आहे. तरीही हा निर्णय निर्विवाद होता असे म्हणता येणार नाही.

उजव्या पानावरची कृती मुलांसाठी नव्याने बसवावी लागली. घरोघरी आमरसाबरोबर दोन पदरी पोळी करतात, तीच युक्ती वापरली. दोन वाट्या गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करून, चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून, निम्मे दूध आणि निम्मे पाणी यांत नेहमीच्या कणकेपेक्षा सैल भिजवायचे आणि तासभर झाकून ठेवायचे. दोन लहान लाट्या घेऊन एकीला तूप लावायचे, वर तांदळाची पिठी भुरभुरायची, दुसरी लाटी तिच्यावर ठेवून दोन्ही एकत्र पातळ लाटायच्या. मोठ्या माणसाने ती तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि जरा निवल्यावर मुलाने दोन्ही पदर सोडवायचे. एकेक पदर इतका पातळ येतो की खाली धरलेली बोटे दिसतात. तो घडी घालून, पिठीसाखर भुरभुरवून दुधाबरोबर खायचा. श्लोकात पोळपाट-लाटणे नाही, तवा नाही आणि दोन पदरांची युक्तीही नाही. हे तीनही बदल उजव्या पानावर ‘आम्ही काय बदलले’ या चौकटीत नोंदवले.

अक्षरांबाबत दोन निर्णय लवकर झाले ते बरे झाले. मजकूर 14 पॉइंटमध्ये आणि ओळींमधले अंतर 22 पॉइंट ठेवले, कारण देवनागरीत वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार यांना जागा दिली नाही तर ओळी एकमेकींत अडकतात आणि नुकते वाचू लागलेले मूल ओळ चुकते. दुसरे असे की सगळा मजकूर फक्त काळ्या शाईत, चित्रापासून वेगळ्या थरात ठेवला. चित्रकारांनी खापरावर ‘चर्रर्र’ असे सुंदर वळणाने रंगवले होते; तेही काळ्या थरात आणावे लागले. कन्नड आवृत्तीच्या वेळी काळी प्लेट (काळ्या शाईचा छपाईचा साचा) तेवढी बदलायची आणि उरलेल्या तीन रंगांना हात लावायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. चार रंगांत छापलेल्या बारीक अक्षराची छपाई जराशी सरकली तरी शिरोरेषा दुहेरी दिसते, तो धोकाही टळला.

घरोघरची चाचणी

रंगवलेली पाने छापून काही कुटुंबांना दिली आणि मुलांना काहीही न सांगता करून बघू दिले. एका घरात चौथीतल्या मुलीने डाव्या पानापासून सुरुवात केली आणि आईकडे धुऊन वाळवायला गहू मागितले. दुसऱ्या घरातही तसेच झाले. कारण उघड होते. डाव्या पानावर ग्रंथातील पायऱ्यांना एक ते सात असे क्रमांक होते, उजव्या पानावर कृतीला पुन्हा एकपासून क्रमांक होते आणि मुले पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचतात. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ या शीर्षकांकडे कोणी पाहिलेच नव्हते.

संपादकीय टिपणात शीर्षके मोठी करा, असा उपाय सुचवला होता. तो आम्ही नाकारला. शीर्षक मोठे केले तरी क्रमांक हा अधिक मोठ्याने बोलणारा घटक आहे. आकडा दिसला की मूल ती सूचना समजते. डाव्या पानावरचे सर्व क्रमांक काढून टाकले आणि ग्रंथातली रीत हातांच्या भोवती वळणाऱ्या एका सलग परिच्छेदात लिहिली. क्रमांक फक्त उजवीकडे उरले. विस्तवाजवळच्या पायरीला क्रमांकाच्या जागी मोठ्या हाताचे चिन्ह दिले, म्हणजे ती पायरी मुलाची नाहीच हे आकडे मोजतानाच कळते. सुधारित पान दिल्यावर गहू कोणी मागितले नाहीत.

आणखी एक गोष्ट चाचणीत लक्षात आली. पदर सोडवण्याच्या क्षणी मुले थांबत, एकमेकांना हाका मारत, मांड्यातून पलीकडे बघत. आमच्या पानावर या पायरीला सर्वांत लहान चित्र होते. ते पानाच्या अर्ध्या रुंदीचे केले आणि मळण्याच्या पायरीचे चित्र लहान केले.

परिणाम

पान छापून आले ते बहुतांशी अपेक्षेप्रमाणे. शिक्षकांकडून आलेल्या प्रतिक्रियांत ‘आम्ही काय बदलले’ या चौकटीचा उल्लेख वारंवार आहे. एका शाळेने तेवढ्यावरच एक तास घेतला, पूर्वी कोणते जिन्नस नव्हते याची यादी मुलांकडून करून घेतली आणि झेंडू त्या यादीत घालताना वर्गात बराच वाद झाल्याचे कळवले.

छपाईत एक गोष्ट बिघडली. प्रूफ, म्हणजे तपासणीची छापील प्रत, गुळगुळीत आर्ट पेपरवर पाहिले होते आणि पुस्तक छापले मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर, कारण ओट्यावर दिव्याची चमक येऊ नये. या कागदात शाई अधिक शोषली जाते आणि पसरते. काळसर खापर आणि त्याच्या खालची चूल एकमेकांत मिसळून एकच गडद डाग दिसू लागला. मांडा पांढरा असल्याने तो उठून दिसावा म्हणून पार्श्वभूमीला फिकट मातकट रंग दिला होता, तोही ठरवल्यापेक्षा गडद उतरला; पण त्यामुळे मांड्यातून दिसणारी बोटे उलट अधिक स्पष्ट झाली, हा निव्वळ योगायोग. कन्नड आवृत्तीसाठी केवळ काळी प्लेट बदलण्याचे ठरले होते, तरी खापर उजळ करण्यासाठी आता चारही प्लेट नव्याने कराव्या लागत आहेत, आणि वाचवलेला खर्च तेथेच जातो आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिली चाचणी रंगकाम झाल्यावर झाली. पेन्सिलीच्या रेखाटनावर आणि हाताने लिहिलेल्या मजकुरावर ती केली असती, तर क्रमांकांचा गोंधळ आठवडाभरात कळला असता आणि चित्रकारांना पूर्ण झालेली चित्रे लहानमोठी करावी लागली नसती. कच्च्या पानावर मुले नीट प्रतिसाद देत नाहीत, ही प्रकाशन व्यवसायातली समजूत निदान पाककृतीच्या बाबतीत खरी वाटत नाही. पीठ हातात असताना त्यांना चित्राच्या सफाईशी घेणेदेणे नसते.

चित्रकाराला सुरुवातीलाच फक्त पदार्थाचे नाव आणि शतक सांगितले गेले होते. काय काढू नये याची यादी नंतर दिली, आणि तीही चुका सापडतील तशी वाढत गेली. त्यापेक्षा काय काढता येईल याची यादी आधी द्यायला हवी होती: जाते, काथवट, शिंके, मिरी, हिंग, आले, हळद, आंब्याची पाने, तांब्याची भांडी. नकारांच्या यादीने चित्रकाराचा हात आखडतो, आणि रिकामी झालेली जागा कशाने भरायची हे त्यातून कळत नाही. खान्देशी मावशींची भेटही योगायोगाने आणि उशिरा झाली. जिवंत परंपरा असलेल्या पदार्थाच्या बाबतीत करणाऱ्याचे हात पाहिल्याशिवाय पहिले रेखाटन मागूच नये, असे आता या मालिकेत ठरले आहे, आणि मावशींसारख्या जाणकारांना त्यांच्या वेळेचे मानधन देण्याची तरतूदही अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे केली आहे.

मुक्ताबाईच्या चित्राचा प्रश्न सुटलेला नाही. काही वाचकांनी पाठीवरचे मांडे का दाखवले नाहीत असे विचारले आहे. कन्नड आवृत्तीच्या संपादकांना तर ती पट्टीच ठेवावी का, असा प्रश्न पडला आहे, कारण त्यांच्या बालवाचकांना ही आख्यायिका घरातून मिळालेली नसेल. त्याऐवजी बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे सोमेश्वराच्या राजधानीचे ठिकाण, त्या पट्टीत यावे असे त्यांचे मत आहे. ते मान्य झाले तर डाव्या पानाची खालची पट्टी दोन आवृत्त्यांत वेगळी राहील. चारही प्लेट नव्याने होतच असल्याने या घडीला त्याचा जादा खर्च चित्रकाराच्या मानधनापुरताच आहे, म्हणून हा निर्णय पुढच्या छपाईआधीच घ्यावा, अशी शिफारस संस्थेला केली आहे.